देवला ‘बसवतो’ म्हणाला

मु. सावरटेक, ता. औंढा नागनाथ
१० जानेवारी २०२६

देवला,

रामराम. शालूबाई, तुलाही रामराम, कारण हे वाचणार तूच. मोठ्यानं वाच, आणि तुझ्या नवऱ्यानं हात केला तरी मध्ये थांबू नको. फोनवर माझा आवाज ऐकला की तो कट करतो. सात वेळा लावला. आठव्यांदा म्हणलं, कागद काही कट करता येत नाही.

पत्र दुधाच्या टेम्पोसंगं वारंगा फाट्याला उत्तमरावाच्या हॉटेलावर पाठवून राहिलो. तुमचा मुक्काम तिथून दोन कोसावर आहे, आणि शालूबाई साखर-चहापत्तीला तिथंच येते, हे मला माहीत आहे. कसं ते विचारू नका. गिरणीत बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

तुम्ही गेल्यानंतरची गावची हालत ऐका. भाद्रपदात पाऊस असा लागला की पूर्णेनं काठची वावरं खरडून नेली. सोयाबीन तर गेलंच, पण ज्याच्यात पुढलं पेरायचं ती मातीच गेली. रामकिशनच्या नदीकाठच्या बारा एकरांत आता मुरूम आणि गोटे. हा एवढा मोठा माणूस, बांधावर उभा राहून पायानं गोटा उलटतो, खाली माती आहे का बघतो, आणि परत तसाच ठेवतो. मी डोळ्यानं पाहिलं.

आणि वर टेकावर तुमची वस्ती, चौतीस घरं. तुझ्यासंगं गेली ती मेंढरं वाचली. राहिली त्यांचे खूर सडले, निम्मी गेली.

कोणाच्या घरात किती आहे हे मला डब्यावरून कळतं. पयले पत्र्याचा मोठा डबा येतो. मग बारका डबा. मग पिशवी. परवा तुझी माय ओच्यात दाणे घेऊन आली. मी म्हणलं, “पंचफुलामाय, डबा कुठाय?” तर म्हणे, “डब्याला भोक पडलं रे.” डब्याला भोक नव्हतं, देवला. एवढ्याशा दाण्यांचा डब्यात आवाज होतो, आणि रांगेतल्या बायांनी तो ऐकू नये म्हणून माय ओच्यात घेऊन आली.

दिवाळीअगोदर हिंगोलीहून एक संस्था आली. सृष्टी मॅडम म्हणून एक पोरगी आहे, लेकीच्या वयाची. बोलते पुस्तकातलं, पण ऐकते माणसासारखं. त्यांनी गावाला आणि वस्तीला गहू, डाळ, तेल असं किट वाटायला सुरुवात केली. फेब्रुवारीपर्यंत देणार. मी विचारलं, मॅडम, त्याच्यापुढं? ती म्हणाली, “काका, तोच प्रश्न आहे. पोटाची फाईल एकीकडं, वावराची दुसरीकडं आणि भांडणाची तिसरीकडं असं केलं, तर मी दर वर्षी किटच वाटत बसेन.”

मग तिनं म्हाताऱ्यांना गोळा केलं आणि पयले उन्हाळ्यात तुम्ही खात काय होता, असं विचारलं. तुझा बाप नामाजीबा म्हणाला, “काय खात व्हतो म्हंजे? मेंढरं बसवत व्हतो.” पोरीला कळेना. तेव्हा बाबानं समजावलं: रान रिकामं झालं की मालकाच्या वावरात कळप बसवायचा, सांजच्याला भोवती जाळी ठोकायची, सकाळी काढायची. लेंड्यांनी वावर कसदार होतं आणि मालक बदल्यात जवारी देतो. वस्तीचा उन्हाळा त्या जवारीवर निघतो.

ती पोरगी उठून उभीच राहिली. “म्हणजे खरडलेल्या जमिनीला जे पाहिजे ते ह्यांच्याकडं, आणि ह्यांना जे पाहिजे ते त्यांच्याकडं. मग थांबलंय कशानं?”

 नामाजीबानं नुसता आपला गुडघा दाबला.

तर आता असं ठरलंय. एक धान्याची कोठी बांधायची, तिला दोन कुलपं. एक किल्ली गावाकडं, एक वस्तीकडं. दोघं आल्याशिवाय उघडायची नाही. पहिलं धान्य संस्था भरणार, वावरांचे बांधही घालून देणार. पुढं मेंढरं बसवल्याची जवारी मालकांनी कोठीत टाकायची. पण ३१ मार्चच्या आत एका कागदावर दोन्हीकडच्या सह्या पाहिजेत, नसता हे सगळं दुसऱ्या गावाला जाणार. वस्ती म्हणते, देवला आल्याशिवाय सही नाही. आणि खरं तर सही करून तरी काय, बसवायला कळप तुझ्याकडं!

मला सलोखा समितीचा अध्यक्ष केलंय. काहून, तर म्हणे दोन्हीकडचे लोक ह्यांच्याकडं दळायला येतात, विश्वंभरशेठचं कोणाशी वाकडं नाही. कोठीची जागा माझ्या गिरणीलगतची ठरली. मी फुकट देतो म्हणलं. दळायला सोयीचं पडेल, एवढंच.

चैत्रात त्या भांडणाला दोन वर्षं होतील. तू म्हणतोस, प्रभूनं बोलावलं म्हणून कळप घेऊन गेलो आणि त्याच्या मोठ्या भावानं, रामकिशननं, बांधावर माणसं उभी करून मारलं. रामकिशन म्हणतो, देवला मला मारायला येणार असल्याचं अगोदरच कळलं होतं. नामाजीबाचा गुडघा गेला, अकरा मेंढरं बिथरून कालव्यात पडली, आणि ह्या गावचं पाणी पिणार नाही म्हणून तू निघून गेलास. कोणीतरी कान भरले असतील, दुसरं काय. जाऊ दे. जुनं उकरून पोट भरत नाही. तू ये.

तुझा,
विश्वंभर

ता.क. गिरणीचे दगड तू आणि मी कालव्याच्या रस्त्यानं लोळवत आणले होते, ते अजून तेच आहेत. परवाच छिन्नीनं टाकी मारून घेतली.


सावरटेक
३ फेब्रुवारी २०२६

देवला,

तुझा निरोप पोचला. उत्तमरावानं फोन करून सांगितला: “देवला म्हणतो, रामकिशनला ज्यानं सांगितलं त्याचं नाव आणा. मग येतो.”

मी हा निरोप बैठकीत सांगितला. सांगायला नको होता, पण उत्तमरावाचा फोन आला तेव्हा सृष्टी मॅडम समोरच बसलेली. तिला तर आनंदच झाला. “काका, तो येणार नाही असं म्हणत नाहीये. तो एक नाव मागतोय. तुम्ही अध्यक्ष आहात, तुमच्याकडं सगळे बोलतात. तुम्हीच शोधून काढा.”

सगळ्यांनी मान हलवली. म्हणजे मी आता हाफिसर झालो. गावात कोणी कोणाचे कान भरले ह्याचा तपास माझ्याकडं.

गेलो मग रामकिशनच्या घरी. त्याच्या घरवालीनं, द्वारकाबाईनं, चहा दिला. मी म्हणलं, “रामकिशनभाऊ, तुम्हाला त्या दिवशी कोणी सांगितलं हो?”

तो बशीत चहा ओतत राहिला. मग म्हणाला, “सांगितलं एका माणसानं. माझं नाव घेऊ नका म्हणला. मी व्हय म्हणलो. आता दोन वर्षं झाली, घेतलं न्हाई. मेलो तरी घेणार न्हाई.”

“पण वस्तीच्या पोटाचा सवाल हाय.”

“हाय ना. माझ्या वावराचाबी हाय. त्या माणसालाबी ठाऊक हाय.” आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “चहात साखर बराबर हाय का, अध्यक्ष?”

मी बराबर आहे म्हणलं. जरा जास्तच होती.

तपास चालू आहे, असं समज. असल्या गोष्टीला वेळ लागतो. गर्दीत कोण काय बोललं, मशीन चालू असताना कोणाला काय ऐकू आलं, दोन वर्षांनी कसं सांगणार? तू नावाचा हट्ट सोड. नाव मिळून नामाजीबाचा गुडघा सरळ होणार आहे का?

विश्वंभर


सावरटेक
१८ फेब्रुवारी २०२६

देवला,

औंढ्याची जत्रा झाली. दर वर्षी तुझ्या वस्तीतल्या बाया जत्रेहून येताना रेवड्या आणून गिरणीवर वाटतात. ह्या बारीला वाटल्या नाहीत.

परवा शेवटचं किट वाटलं. आता गिरणीवर रेशनचा तांदूळ येऊन राहिला, भाकरी करायला. जवारीचा आवाज भरल्या तोंडाचा असतो. तांदूळ किरकिरतो. सकाळपासून नुसती किरकिर.

तू नाव मागितलंस. लोक प्रभूचं नाव घेतात. बोलावणाराही तोच आणि भावाला सांगणाराही तोच, असं चालू आहे. मी घेत नाही. लोक घेतात, ते तुला कळवणं माझं काम.

आता नाव मिळालं. ये.

विश्वंभर


सावरटेक
१ मार्च २०२६

देवला,

हे पत्र सावकाश वाचायला सांग. शालूबाई, ह्यातला एकही शब्द बदलू नको. एका शब्दासाठी नाही, एका अक्षरासाठी हात जोडतो.

काल उत्तमरावाचा फोन आला. फाट्यावर गाड्यांचा धडाका, इकडं माझी गिरणी चालू. तो म्हणाला, “देवला येतो म्हणला. बारा तारखेला.” मला घाम सुटला, आनंदानं. मग पुढं म्हणाला, “अन् आल्या आल्या प्रभू... बसवतो म्हणला.”

मी म्हणलं, “काय? प्रभूला का प्रभूच्या?”

“आँ?”

“प्रभूला बसवतो म्हणला, का प्रभूच्या वावरात बसवतो म्हणला?”

“बसवतो म्हणला बघा,” म्हणे उत्तमराव, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून गिरणी बंद आहे. लोकांना सांगितलं, पट्टा तुटला. पट्टा शाबूत आहे. मी एकदा पट्ट्यात धोतर अडकलेला माणूस पाहिला होता. मशीन त्याला ओढतं, तो बटणाकडं हात लांबवतो, आणि बटण चार बोटं लांब. माझं आज तसंच झालंय, आणि बटण लांब ठेवणारा मीच.

आता ऐक.

दोन वर्षांमागं, चैत्रातल्या मंगळवारी, तू दळण घेऊन आला होतास. रांगेत पाच-सहा बाया. मशीन चालू. तू दारात उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होतास. मी ऐकलं ते असं: “आज सांजच्याला रामकिशनला वावरात बसवतो.”

त्याच आठवड्यात रामकिशननं बाहेरचा एक कळप त्याच्या वरल्या वावरात बसवला होता आणि तू चिडलेला होतास, हे मला माहीत होतं. बसवतो म्हणजे धरून बसवतो, जागेवर आणतो, असं मी धरलं. मेंढरं बसवायची असतील हे डोक्यातच आलं नाही. माझे कान तीक्ष्ण आहेत असं सगळं गाव म्हणतं. मीही म्हणतो. तीक्ष्ण कानाला कमी ऐकू येत नाही, देवला. जास्त येतं.

तू गेल्यावर तासाभरात रामकिशन हिंगोलीहून आला आणि गिरणीवर टेकला. प्रभूनं तुला सांजच्याला बोलावलंय हे त्याला माहीत नव्हतं. माझी सवय तुला ठाऊक आहे. दळणाबरोबर गिऱ्हाइकाला चार शब्द देतो. त्याच्यावर तर ही गिरणी चालली. शिरडला चांगली मोठी गिरणी असून लोक माझ्याकडं काहून येतात? मी हसत हसत म्हणलं, “भाऊ, आज सांभाळा. देवला तुम्हाला बसवतो म्हणतो.” आणि त्याचं तोंड बदललेलं बघून घाबरून म्हणलं, “माझं नाव घेऊ नका.”

एवढंच. वैर नव्हतं, फायदा नव्हता. हसत म्हणलं.

तुम्ही दिवस मावळताना कळप घेऊन गेलात. पुढं नामाजीबा. बांधावर काठ्या घेऊन माणसं. मी गिरणीतून ओरडा ऐकला. सगळं ऐकलं. मेंढरं कालव्यात पडल्याचा आवाजही ऐकला, आणि उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी प्रभू गिरणीवर रडला. “दादाच्या वावरात मीच बोलावलं व्हतं त्याला. दादाला सांगायचं राहून गेलं.” तेव्हा मला समजलं की तू ‘च्या’ म्हणला होतास. रामकिशनच्या वावरात. मी पीठ भरत राहिलो. त्या एका दिवशी बोललो असतो तर भागलं असतं. मग दुसरा दिवस आला. मग पोलीस केस झाली. मग तू गेलास. मग प्रत्येक दिवशी सांगणं कालच्यापेक्षा अवघड होत गेलं, आणि वर लोक म्हणत गेले, विश्वंभरशेठचं कोणाशी वाकडं नाही.

आणि गेल्या पत्रात मी काय केलं? तुला प्रभूचं नाव लिहिलं. ‘लोक घेतात, मी घेत नाही’ असं लिहिलं. शालूबाईला ते वाचताना कळलं असेल, बायकांना कळतं. सांगतो, लोक घेत नव्हते. मी दोन जणांसमोर नुसतं “प्रभू तरी काय करणार” असं म्हणलं, मग घ्यायला लागले. आता प्रभूची लेक आरोही शाळेतून रडत येते, आणि प्रभू दळायला शिरडला जातो.

आज दिवसभर मी विचार केला, रामकिशनला जाऊन सांगावं का, की देवला येतोय, प्रभूला जप. आणि मग उमजलं. तेच गाव, तीच गिरणी, तोच शब्द, आणि निरोप घेऊन निघालेला परत मीच.

म्हणून ह्या बारीला कोणाला सांगत नाही. तुलाच विचारतो. ‘प्रभूला’ म्हणलास का ‘प्रभूच्या’? ‘ला’ म्हणला असशील तर प्रभूला हात लावू नको, त्यानं काही केलं नाही. माणूस मी आहे. तुला नाव पाहिजे होतं: विश्वंभर.

बारा तारखेला हे सगळ्यांसमोर सांगीन असं आज वाटतंय. उद्या काय वाटेल ठाऊक नाही, म्हणून लिहून पाठवतो. आता हा कागद तुझ्याकडं आहे. मी नाही बोललो तर शालूबाईनं वाचून दाखवावा.

विश्वंभर


सावरटेक
७ एप्रिल २०२६

देवला,

आता तुझ्या-माझ्यात एक ओढा आणि दीड फर्लांग. तरी पत्रच लिहितो. टेम्पोचीही गरज नाही, पंचफुलामायकडं देतो.

बारा मार्चच्या बैठकीत तू समोर बसला होतास, पण तुझ्या जागेवरून तुला सगळ्यांची तोंडं दिसली नसतील. मी उभा होतो, मला दिसली. म्हणून लिहितो.

मी बोलायला लागलो तेव्हा लोकांना वाटलं, अध्यक्ष भाषण करून राहिले. सांगता सांगता बांधावरच्या काठ्यांपर्यंत आलो, तेव्हा मागच्या बायांचं बोलणं थांबलं. माझं संपलं. सृष्टी मॅडमच्या हातातलं पेन उघडंच. मग रामकिशन उठला. मला वाटलं, मारतो. तर तो वस्तीकडं वळून, “दोन वर्षं! दोन वर्षं ह्याचं नाव दाबून ठेवलं मी! माझ्या पोटात किती तकलीफ झाली असंल, सांगा तुमी!” असं ओरडला. आणि वस्तीतून आवाज आला, “आन् आमाला काय कमी झाली, भाऊ?” रामकिशन म्हणाला, “तुमाला तर झालीच.” दोन वर्षांत पयल्यांदा त्यानं तुम्हाला ‘तुमी’ म्हणलं.

आणि मग मला ते ऐकू आलं. कोणीतरी सुस्कारा टाकला. मग दुसऱ्यानं. दोन्ही बाजूंनी. रामकिशन वाईट नव्हता, देवला वाईट नव्हता, प्रभू वाईट नव्हता. एक गिरणीवाला होता. कुणाला कुणाची माफी मागायला नको, कुणाला खाली बघायला नको. वीस मिनिटांत सह्या झाल्या, देवला. संस्थेनं पाच महिने बैठका घेतल्या, आणि काम झालं वीस मिनिटांत. तुझ्या बापानं अंगठा उमटवला तेव्हा रामकिशननं शाईचा डबा धरला होता.

तू थोडंच बोललास. “मी ‘च्या’ म्हणलो व्हतो. दोन्ही बारीला.” मग प्रभूकडं बघून: “तू तसा न्हाईस, हे मला ठाऊक व्हतं. म्हणून पयलं तुझ्याच वावरात बसवायचं म्हणलं.”

माझ्याकडं बघितलं नाहीस. मी एका माणसाबद्दल वाईट लिहून पाठवलं, आणि तू ते ऐकून त्याच्याच वावरात जाळी ठोकायचं ठरवलंस. मी घरी आलो आणि कितीक वेळ नुसता दारात बसलो.

बाकी सगळं ठरल्याप्रमाणं झालं. कोठी माझ्या जागेत बांधली नाही, शाळेपलीकडं बांधली. ठीक आहे. अध्यक्ष आता द्वारकाबाई आहे. ती माझ्यापेक्षा कमी बोलते, हेच मोठं. कोठी उघडताना वस्तीची किल्ली पयले लागेना, तर रामकिशननं खिशातून तेलाची बाटली काढली. घरूनच घेऊन आला होता. दोन आठवड्यांमागं चौतीस घरांना जवारी वाटली.

ती जवारी माझ्याकडं दळायला येत नाही.

कोणी बहिष्कार टाकलेला नाही. कोणी काही बोलतही नाही. रस्त्यात भेटले की “काय शेठ?” म्हणतात, हसतात. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक टेम्पो शिरड शहापूरला दळण घेऊन जातो. गावाचे डबे आणि वस्तीचे डबे एकाच टेम्पोत. पयले ह्या बाया एका रांगेत उभ्या राहत नव्हत्या. माझ्याकडं दोन रांगा लागत. आता एकमेकींच्या मांडीवर डबे ठेवून जातात. टेम्पो माझ्या दारावरून जातो आणि आतलं सगळं मला ऐकू येतं. कोणाची सून गरोदर आहे, कोणाच्या वावरात किती दिवस बसवायचं, कोणी कोणाला लोणचं दिलं. माझ्या दारापाशी आल्यावर त्या सगळ्या एकदम गप्प होतात. वळणावर गेल्या की पुन्हा सुरू. ती मधली शांतता मला दर खेपेला ऐकावी लागते. कान बंद करता येत नाहीत.

सलोखा करायला मला अध्यक्ष केलं होतं ना. झाला. मी दाराच्या अलीकडं राहिलो, एवढंच. बाहेर कुठं जायचं? पन्नाशी उलटली, हे दगड उचलून दुसऱ्या गावात लोळवत न्यायला आता तू नाहीस. आणि रिकामी गिरणी चालवून बघताही येत नाही. मध्ये दाणा नसला की दगड दगडाला खातो.

काल माय आली. डबा घेऊन. तोच, भोक पडलेला. डोक्यावर होता आणि आवाज येत नव्हता, इतका भरलेला.

म्हणाली, “शिरडपस्तोर माझ्यानं बसवत न्हाई टेंपोत. म्हणून आले. माफ केलं म्हणून न्हाई.”

मी म्हणलं, “बरं, माय.”

“अन् मशीन चालू असताना बोलू नको.”

मी तोंड मिटून दळत होतो. जवारी होती. कितीक दिवसांनी भरल्या तोंडाचा आवाज. मी पिठाला हात लावून बघत होतो आणि मायच बोलली. मशीन चालूच. माझ्या कानात एवढंच आलं: “देवला म्हणत व्हता... शुक्रवारी विश्वंभर... बसवतो.”

देवला, तेवीस वर्षांत मी अर्ध्या दळणात कधी मशीन बंद केलं नाही. दगड अडकतो, पुन्हा सुरू करायला दोन तास जातात. मी बटण दाबलं. सगळं शांत झालं. विचारलं, “काय म्हणली, माय? विश्वंभरला का विश्वंभरच्या?”

तिनं माझ्याकडं बघितलं. हसली का, ते मला नीट दिसलं नाही, पीठ उडालेलं होतं.

“मी काहून सांगू?” म्हणाली. “त्यालाच इचार. निरोप्याचं काम आपल्यात आता कोणी करत न्हाई.”

म्हणून विचारतो. मला धरून बसवायचं असेल तर तो तुझा हक्क आहे. मेंढरं बसवायची असतील तर माझं एक एकर पडीक आहे, ओढ्यालगत, तुला माहीत आहे. जवारी कोठीत टाकीन, तुझ्या हातात देणार नाही, नियमाप्रमाणं.

अंदाज मी करणार नाही. जाळीच्या खुंट्या काढून ठेवल्या आहेत. शुक्रवारी दिवस मावळताना बांधावर उभा असेन. एकटा, हातात काही नसेल.

विश्वंभर